सेहेचाळीस फुटांच्या फटीतून चव्वेचाळीस फुटांचं विमान

टेलिफोनच्या दोन खांबांमधलं अंतर ४६ फूट. विमानाच्या पंखांची लांबी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ४४ फूट. खांब विमानाच्या नाकापुढे साधारण ५० फुटांवर. विमानाला ब्रेक नाहीत. रस्ता गावातला, खडबडीत, मध्ये गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या. खांबांच्या पुढे दोन्ही बाजूंनी झाडांच्या फांद्या. वैमानिकाचं वय २२.

एवढंच फळ्यावर लिहून मी वर्गाला विचारतो, काढायचं का विमान? मॅनेजमेंटची पोरं असतात, धोका-नफा-तोटा असले शब्द त्यांच्या जिभेवरच असतात. नव्वद टक्के म्हणतात, नाही काढायचं. दोघं-तिघं म्हणतात, काढायचं, कारण सर, तुम्ही प्रकरण म्हणून देताय म्हणजे त्यानं काढलंच असणार. त्यांना मी पैकीच्या पैकी देतो.

हे घडलं १९२४ साली, टेक्सस राज्यातल्या कॅम्प वुड नावाच्या गावात. नुएसेस नदीच्या काठी, डोंगराळ भागात. गाव म्हणजे खरंतर लाकूडतोड्यांची वसाहत. तिथे कधीकाळी स्पॅनिश पाद्र्यांचं ठाणं होतं, मग लष्कराची छावणी होती, नाव त्या छावणीवरूनच पडलेलं. पण विमान आलं तेव्हाचं गाव पुरतं चार-पाच वर्षांचंही नव्हतं. सीडरचं लाकूड तोडायला १९२० च्या सुमारास माणसं आली आणि पाठोपाठ युवाल्डीहून रेल्वेचा एक फाटा आला. दुकानं, हॉटेल, रस्ता, टेलिफोनचे खांब, सगळं कोरं.

तो रेल्वेचा फाटाच या प्रकरणाचं मूळ. त्या काळी छोट्या विमानात नकाशावाचन म्हणजे खाली रूळ बघायचे आणि रुळाच्या कडेने उडत राहायचं. वैमानिक आणि त्याचा जोडीदार निघाले होते पश्चिमेला, कॅलिफोर्नियाच्या दिशेने. मुख्य लाइन समजून त्यांनी भलताच रूळ धरला आणि डोंगरात शिरले. पेट्रोल संपत आलं तेव्हा मिळेल त्या मोकळ्या जागेत विमान उतरवलं. उतरायला जागा पुरली. दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन उठायला ती पुरणार नव्हती. वैमानिकाने जोडीदाराला मागे ठेवलं आणि हलकं केलेलं विमान एकट्याने कॅम्प वुड गावात आणलं. आता गावातून बाहेर कसं पडायचं हा प्रश्न. मैदान नव्हतं. एक रस्ता मात्र बरा रुंद होता.

वैमानिकाचं नाव चार्ल्स लिंडबर्ग. नाव वाचल्यावर वाचकाच्या डोक्यात जे येतं ते कृपया थोडा वेळ बाजूला ठेवावं, कारण कॅम्प वुडमध्ये त्या दिवशी ते कुणाच्याच डोक्यात नव्हतं. त्याने एकट्याने, न थांबता विमानातून अटलांटिक पार करायला अजून तीन वर्षं होती. त्या घडीला हा विस्कॉन्सिनच्या विद्यापीठातून इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला, मिनेसोटातल्या लिटल फॉल्सजवळच्या शेतावर वाढलेला उंच किडकिडीत पोरगा होता. जोडीदार लिऑन क्लिंक. तो सेंट लुइसचा, मोटारी विकण्याचा धंदा. त्याने हे विमान हौसेने घेतलं होतं आणि दक्षिणेत भटकता भटकता उडवायला शिकावं असा त्याचा बेत होता. म्हणजे विमान वैमानिकाचं नव्हे, हौशी मालकाचं. खांबांच्या फटीचा विचार करताना हेही लक्षात ठेवायचं.

विमान होतं कॅनक. अमेरिकेत ज्याला जेनी म्हणत त्या कर्टिस जेएन-४ चंच कॅनडात बांधलेलं भावंड. जेनीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती नसती तर हा सगळा जमानाच झाला नसता. पहिल्या महायुद्धात वैमानिक तयार करायला हे दुपंखी विमान हजारोंनी बांधलं गेलं. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड, कापडावर डोप नावाचं लाखेसारखं रोगण. ते वाळताना आक्रसतं आणि कापड ढोलकीसारखं ताणून बसतं. पुढे ९० अश्वशक्तीचं, पाण्याने थंड होणारं ओएक्स-५ इंजिन. ताशी १२० किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. युद्ध संपलं आणि सरकारकडे विमानांचा ढीग पडून राहिला. सरकारने ती विकायला काढली. लिंडबर्गने १९२३ च्या मे महिन्यात जॉर्जियातल्या अमेरिकस गावाजवळच्या साउदर फील्डवर स्वतःची पहिली जेनी घेतली ती ५०० डॉलरला. नवं इंजिन, नवा रंग आणि जादा टाकी त्यातच. पैसे मोजले तेव्हा त्याने एकट्याने एकदाही विमान उडवलेलं नव्हतं. आदल्या वर्षी नेब्रास्कातल्या ज्या शाळेत तो शिकत होता, तिने सरावाचं विमानच विकून टाकलं होतं. अमेरिकसला पहिल्या प्रयत्नात त्याची जेनी जमिनीवर आपटत उसळली. शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी वैमानिकाला दया आली आणि त्याने बरोबर बसून काही फेऱ्या मारून दिल्या. आज मोटारसायकलही आपण इतक्या निवांतपणे विकत घेत नाही.

परवाना? नव्हताच. म्हणजे त्याच्याकडे नव्हता असं नव्हे, तसा देशभरचा नियमच नव्हता. अमेरिकेत वैमानिकाला परवाना आणि विमानाला लायकीचा दाखला देशभर सक्तीचा करणारा कायदा १९२६ साली आला. तोपर्यंत ज्याच्याकडे विमान तो वैमानिक.

अशा वैमानिकांना बार्नस्टॉर्मर म्हणत. बार्न म्हणजे शेतावरचं गवताचं-धान्याचं मोठं कोठार. गावात थिएटर नसलं की फिरत्या नाटकमंडळ्या अशा कोठारात खेळ लावायच्या, शब्द त्यांचा. विमानवाल्यांनी तो उसना घेतला आणि धंद्याची रीतही बरीचशी घेतली. आपल्याकडे तमाशाचा फड किंवा तंबू टॉकीज गावात यायचा, बैलगाडीतून नाहीतर जीपमधून पुकारा व्हायचा, आणि संध्याकाळपर्यंत पंचक्रोशी गोळा व्हायची, तसंच. फरक इतकाच की इथे पुकारा आकाशातून. गावावर विमान खाली आणायचं, छपरांवरून दोन-तीन घिरट्या घालायच्या, पोरं रस्त्यावर आली की गावाबाहेरच्या एखाद्या सपाट शेतात उतरायचं. शेतकऱ्याला फुकट फेरी नाहीतर थोडे पैसे. मग रांग. पाच डॉलरला एक फेरी, काही मिनिटांची.

पाच डॉलर म्हणजे किती, हे आज नुसत्या आकड्यावरून कळत नाही. फोर्डने १९१४ मध्ये कामगारांना दिवसाला पाच डॉलर द्यायला सुरुवात केली तेव्हा जगभर बातमी झाली होती. म्हणजे चांगल्या कामगाराची दिवसभराची कमाई, आणि ती गावावरून एक चक्कर मारायला. लोक देत होते. गाडीत बसून लांबलांबून येऊन देत होते.

पण खरी गंमत रांगेत नसलेल्यांची. शंभर माणसं जमली तर विमानात बसणारी दहा. बाकीचे बघे. त्यांच्यासाठी पंखावरून चालणारा माणूस, त्यांच्यासाठी पॅराशूट. लिंडबर्ग स्वतः १९२२ मध्ये हेच करत होता, पत्रकावर त्याचं नाव डेअरडेव्हिल म्हणून छापलं जायचं. जत्रेत मौत का कुआँ बघायला वर कठड्याशी उभं राहिलेल्या माणसाच्या मनात नक्की काय चाललेलं असतं, हे त्याने कबूल करावं अशी अपेक्षा नाही. पण तिकीट त्याचंच असतं. बार्नस्टॉर्मर लोकांना ते पक्कं माहीत होतं. त्याची किंमतही ते मोजत होते: पंखावर चालण्याची कला ज्याने गाजवली तो ऑर्मर लॉकलियर १९२० मध्ये सिनेमासाठी उडताना गेला, वैमानिक बेसी कोलमन १९२६ मध्ये सरावाच्या फेरीत जेनीतून बाहेर फेकली जाऊन गेली.

आता खांबांकडे येऊ.

विमान ढकलत रस्त्याच्या मधोमध आणलं. बाकी दोन फूट, म्हणजे प्रत्येक बाजूला एकेक फूट. कागदावर पुरेसं. पण जेनीच्या मागच्या खोबणीत बसलेल्या माणसाला नाकासमोरचं दिसत नाही. विमान शेपटीवर टेकून उभं असतं, नाक वर, पुढे इंजिन आणि वरचा पंख. शेपूट उचलली गेल्याशिवाय समोरचा रस्ता दिसत नाही, आणि शेपूट उचलायला वेग लागतो. ५० फुटांत वेग येतो तो धावत्या माणसाइतका, फार तर सायकलइतका. शेपटीला चाक नाही, लाकडाचा दांडा असतो, तो घासत येतो. पुढच्या चाकांना वळवण्याची सोय नाही, ब्रेक नाहीत. दिशा बदलायची ती शेपटीकडच्या सुकाणूने, आणि सुकाणू चालतं वाऱ्याच्या जोरावर. तो जोर पहिल्या पन्नास फुटांत कमीच. थोडक्यात, सोडलेला बाण.

खांबांच्या अलीकडे चाक चाकोरीत गेलं. (चाकोरीबाहेर जा म्हणून आपण पोरांना सांगतो, इथे चाकोरीत गेल्यामुळे घात झाला.) उजव्या पंखाचं टोक तीन इंचांनी खांबाला अडकलं. एक फूट अधिक तीन इंच, म्हणजे विमान मधल्या रेषेपासून सव्वा फूट सरकलं होतं. आपल्या घराच्या दारातून कपाट आत नेताना यापेक्षा जास्त चूक होते. खांब मात्र हलला नाही. पंख खांबाशी थांबला, बाकीचं विमान त्याच्याभोवती गर्रकन फिरलं, आणि फिरतं नाक शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानाची भिंत फोडून आत गेलं. आत मांडलेले तवे, पातेली, गवत उचलायची दाताळी, सगळं खणाखण जमिनीवर. दुकानदाराला वाटलं भूकंप झाला. तो धावत रस्त्यावर आला.

प्रोपेलर, म्हणजे नाकावरचा फिरता पंखा, मोडला. पंखाचं थोडं नुकसान. माणूस शाबूत.

वर्गात हमखास एक प्रश्न येतो, आणि तो चांगला आहे: विमान ढकलत रस्त्याच्या मध्यावर आणलंच होतं, तर आणखी साठ-सत्तर फूट ढकलत खांबांच्या पलीकडे का नाही नेलं? तिथून सुरू केलं असतं तर खांबांचा प्रश्नच मिटला असता. मला वाटतं, पुढे उरलेला रस्ता पुरला नसता. पलीकडे फांद्या होत्याच, त्या ओलांडायला प्रत्येक फूट हवा होता. म्हणजे त्याने एक धोका टाळण्यासाठी दुसरा पत्करला. पण माझं मत विचाराल तर निर्णय चुकीचाच होता. एक फुटाची सवड ठेवणं एक वेळ चालेल; पण सुकाणू पुरतं लागू होण्याच्या आधीच ती वापरावी लागणार, आणि वाटेत चाकोऱ्या आहेत हे उघड्या डोळ्यांना दिसतंय, तेव्हा फावड्याने चाकोरी बुजवून घ्यायला अर्धा तास लागला असता. फावडी कुठे मिळतात? हार्डवेअरच्या दुकानात. ते तर शेजारीच होतं.

इथवर हे एका अपघाताचं प्रकरण आहे. असे अपघात त्या वर्षांत ढिगाने झाले. मी ते शिकवायला घेतो ते पुढच्या भागासाठी.

वैमानिक नुकसानभरपाई द्यायला पुढे आला. दुकानदाराने एक पैसा घेतला नाही. निदान भिंत तरी दुरुस्त करून देतो म्हटलं, तर तेही करू दिलं नाही. त्याचं म्हणणं असं की झालेल्या नुकसानापेक्षा याची जाहिरात कितीतरी जास्त मोलाची आहे. आपल्या दुकानात अर्धं घुसलेलं विमान बघून तो चक्क खूश झाला होता.

हा माणूस या प्रकरणाचा नायक आहे असं मी म्हणतो. वर्गात काही जण त्याला भला माणूस म्हणतात, काहींना तो वेडा वाटतो. दोन्ही नाही. तो दुकानदार होता. बार्नस्टॉर्मर ज्या गोष्टीवर पोट भरत होते, ती गोष्ट त्याला दोन मिनिटांत कळली: बघ्यांची गर्दी हाच माल आहे, आणि विमान मोडलं तरी तो माल खराब होत नाही. उलट उडून गेलेलं विमान पाच मिनिटांत दिसेनासं होतं, भिंतीला पडलेलं भोक मात्र राहतं. त्या लहानशा गावात प्रत्येकाला विळा-कोयता, खिळे-बिजागरी लागणारच होती. प्रश्न फक्त माणूस आत शिरायला निमित्त मिळण्याचा. विमानवाला ज्या गर्दीसाठी जीव टांगणीला लावून गावोगाव हिंडत होता, ती त्याला बसल्या जागी मिळाली. भिंत बुजवली असती तर तो भांडवल बुजवून बसला असता.

हे मी ओढूनताणून लावलेलं तत्त्वज्ञान नाही. आदल्या वर्षी मिसिसिपीतल्या मेबेन गावाजवळ लिंडबर्गच्या स्वतःच्या जेनीने उतरताना खड्ड्यात नाक खुपसलं आणि प्रोपेलर मोडला. गाव बघायला लोटलं. नवा प्रोपेलर येऊन बसल्यावर त्याच गावातली आणि आसपासची माणसं पाच-पाच डॉलर देऊन त्याच विमानात बसली, तेही थोडीथोडकी नव्हेत. काही दिवसांपूर्वी डोळ्यांदेखत मोडलेलं विमान! आज एखाद्या कंपनीची गाडी रस्त्यात बंद पडल्याचा व्हिडिओ फिरला तर ती कंपनी हादरते. १९२३ मध्ये लहान गावात गणित वेगळं होतं. विमान मोडतं हे लोकांनी गृहीतच धरलेलं होतं. विमान उडतं हेच नवल होतं. मोडलेलं विमान जवळ जाऊन बघता येतं, कापडाला हात लावता येतो, ते शिवताना पोऱ्यांना दोरा धरून उभं राहता येतं. ओळख होते. ओळख झाली की माणूस बसतो.

दुरुस्तीही लोकांसमोर व्हायची, आणि ती लोकांना कळेल अशीच असायची. कॅम्प वुडला ह्यूस्टनहून तारेने प्रोपेलर आणि डोपचा डबा मागवला गेला. सुतारकाम, शिवणकाम, रंगकाम. शेतकऱ्याच्या घरात जे कसब असतं त्यातच विमान बसत होतं. काही दिवसांत दोघं पुन्हा पश्चिमेला निघाले आणि टेक्सस ओलांडायच्या आतच, मॅक्सनजवळ, तलवारीसारख्या पानांच्या एका काटेरी झाडाने त्यांचा पंख फाडला. विमानाने कॅलिफोर्निया गाठणं राहिलंच. मार्चमध्ये लिंडबर्गला सॅन अँटोनियोच्या ब्रुक्स फील्डवर लष्करी शिकाऊ वैमानिक म्हणून हजर व्हायचं होतं, तो तिकडे गेला. शंभराहून जास्त जणांच्या त्या तुकडीतून वर्षाने विसाच्या आतच पास झाले, आणि तो पहिला आला. सव्वा फुटाची चूक करणाऱ्याला तिथे शिस्त लागली असं म्हणायचा मोह होतो, पण खांबांच्या प्रसंगात कमी होती ती शिस्त नव्हे, सबुरी. ती लष्कर शिकवतं की नाही, मला शंका आहे.

राहिली आठवणीची गोष्ट. या प्रसंगाचं जे वर्णन आपल्याकडे आहे ते मुख्यतः लिंडबर्गच्या स्वतःच्या १९२७ च्या आठवणींतलं. तो पॅरिसला उतरला २१ मे १९२७ ला, साडेतेहतीस तास उडून, आणि ते पुस्तक त्याच वर्षी घाईघाईने निघालं. म्हणजे खांबाला धडकणारा पोरगा आणि धडकेबद्दल लिहिणारा माणूस यांच्यामध्ये अख्खा अटलांटिक आहे. त्यामुळे वर्णनाचा सूर मजेचा आहे: भूकंप, तवे-पातेली, खूश झालेला दुकानदार. जिंकलेल्या माणसाला आपली जुनी फजिती अशीच आठवते. क्लिंकला मोडलेला प्रोपेलर बघून काय वाटलं असेल, ते या सुरात मावत नाही. विमान त्याचं होतं.

गावाच्या आठवणीलाही हेच लागू. कॅम्प वुडचा इतिहास कुठेही थोडक्यात वाचा, पाद्री, छावणी, लाकूड आणि मग लिंडबर्ग हार्डवेअरच्या दुकानात घुसला, अशी ओळ येतेच. गावात त्याच्या नावाची बागही आहे. १९२४ मध्ये मात्र तो त्या गावाला भेटलेला एक फिरता विमानवाला होता. असे कितीतरी फिरते विमानवाले कितीतरी गावांच्या भिंतींना, कुंपणांना, मक्याच्या शेतांना धडकले. त्यातल्या बहुतेकांची नावं गावांनी दोन पिढ्यांत टाकून दिली, कारण ते पुढे कुठे पोचले नाहीत. जुन्या माणसांना विचारलं तर विमान आठवतं, विमानाचा रंग आठवतो, आजोबांनी पाच डॉलर दिले का नाही यावरून घरात झालेलं भांडण आठवतं. वैमानिकाचं नाव आठवत नाही. मला तर ही बिननावाची आठवण जास्त भरवशाची वाटते. तिला कुणी मागाहून इस्त्री केलेली नसते.

दुकानदाराने भोक ठेवलं तेव्हा त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने पैज लावली ती लिंडबर्गवर नव्हे, विमानावर. आणि तेवढ्यावरही ती पैज वसूल होणारी होती.

मागच्या वर्षी वर्गात एक मुलगी होती, तिच्या वडिलांचं तालुक्याच्या गावात भांड्यांचं दुकान. अख्ख्या चर्चेत ती काही बोलली नाही. धोका, विमा, जबाबदारी, ब्रँड, सगळ्यांचं सगळं सांगून झालं. तास संपायच्या आधी मी तिला विचारलं, तुझे वडील असते तर? ती म्हणाली, "पप्पांनी पण भिंत तशीच ठेवली असती सर. पण तो मोडका पंखा मात्र त्यांनी मागून घेतला असता, आणि गल्ल्याच्या वर टांगला असता."